एक बॅटरी, चार रेझिस्टर

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, सत्र सुरू होताच, फळ्यावर एक आकृती येते. डावीकडे 12 व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून निघालेल्या वाटेवर 6 ओहमचा रेझिस्टर. त्यापुढे एक नोड. तिथून एक फाटा 3 ओहममधून सरळ खाली उतरणारा, आणि दुसरा 2 ओहम ओलांडून, 4 ओहमच्या लोडमधून, खालच्या तारेला मिळणारा. सीईटीची तयारी करून आलेली मुले ही आकृती वहीत उतरवता उतरवताच सिरीज-पॅरलल करून मोकळी होतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तर अशी जोडणी कितीदा तरी हाताने केलेली असते. लोडमधून अर्धा अँपिअर जातो हे चुटकीसरशी ठरते आणि वर्ग पुढच्या समकडे वळतो. आपण मात्र या आकृतीपाशीच थोडे रेंगाळू या, कारण त्या अर्ध्या अँपिअरपर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवरून दिसणारे दृश्य वेगळे आहे.

आधी आकृतीकडेच पाहू. प्रयोगशाळेत हीच जोडणी केली, तर टेबलावर लाल-काळ्या पॅच कॉर्डचा गुंता होतो, रिओस्टॅटचे वेटोळे हाताला ऊन लागते, एखादी क्लिप सैल असली की मीटरचा आकडा नाचतो. आकृतीत यातले काहीच उतरलेले नाही. तारा किती लांब आहेत, त्या कुठून कशा वळल्या, बॅटरीच्या पोटात कोणती रसायने आहेत, हे सारे तिने सोडून दिले आहे. राखले आहे ते एवढेच, की कोण कोणाशी जोडलेले आहे आणि कोणाचा रोध किती. आणि एवढ्यावर काम भागते! माझ्या मते सर्किट ॲनालिसिस हा सगळा विषयच जाणीवपूर्वक विसरण्याच्या कलेचा विस्तार आहे. कोणत्या क्षणी काय विसरायचे आणि त्या विसरण्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे जसजसे उमगत जाते, तसतशी या विषयाची गोडी वाढत जाते.

ही कला जिथे रुजली त्या गावाचे नाव गणिताच्या इतिहासात आधीच कोरले गेले होते. पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात, म्हणजे आजच्या रशियातल्या कॅलिनिनग्रादमध्ये, प्रेगेल नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल नेमका एकदाच ओलांडून सगळे शहर हिंडता येईल का, या कोड्याला अठराव्या शतकात ऑयलरने उत्तर दिले, ते पुलांची लांबी आणि बेटांचे आकार बाजूला सारून. कोणता भूभाग कोणाशी जोडलेला आहे, एवढेच त्याने पाहिले. त्याच शहरात 1824 साली गुस्टाफ किरचॉफ जन्मला, तिथल्याच विद्यापीठात शिकला, आणि 1845 साली, फ्रान्झ नॉयमान यांचा विद्यार्थी असतानाच, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने ते दोन नियम मांडले, जे आज जगभरच्या वर्गांत केसीएल आणि केव्हीएल या नावांनी घोकले जातात. एका चकतीमधून वीज कशी पसरते, या प्रश्नावरच्या लेखात ते आले. दोनच वर्षांनी त्याने हेही सांगून टाकले, की कुठल्याही जाळ्यात एकमेकींवर न विसंबणाऱ्या फेऱ्या किती: शाखांच्या संख्येतून नोडची संख्या वजा करा आणि एक मिळवा. आपल्या आकृतीत शाखा 5 आणि नोड 4, म्हणून फेऱ्या 2. ऑयलरचे पूल आणि किरचॉफच्या तारा एकाच गावातल्या असाव्यात, हा योगायोग मला फार सुंदर वाटतो.

नोडपाशी जितकी धारा येते तितकीच तिथून निघून जाते, हा पहिला नियम. कुठल्याही वाटेने फेरी मारून मूळ जागी आलो, की व्होल्टेजचे सारे चढ-उतार मिळून शून्य भरतात, हा दुसरा. पहिल्याच्या पोटात विद्युतभाराची अक्षय्यता आहे, दुसऱ्याच्या पोटात ऊर्जेची. पण आपण जरा थांबून लक्ष द्यावे असे वैशिष्ट्य निराळेच आहे: नोडला दूरचे काही ठाऊक नसते. त्याला बॅटरी दिसत नाही, लोड दिसत नाही. आपल्या अंगाला लागून असलेल्या तीन तारांचा हिशेब तेवढा त्याने चोख ठेवायचा. मधल्या नोडचे व्होल्टेज ‘व’ धरू. डावीकडून येणारी धारा 12 उणे व, भागिले 6. खाली जाणारी व भागिले 3. उजवीकडे 2 आणि 4 मिळून 6 ओहम, म्हणून तिकडची व भागिले 6. सगळ्याला 6 ने गुणले की 12 उणे व बरोबर 3व, आणि व बरोबर 3. एका ओळीत सारे सर्किट उलगडले! 3 व्होल्ट भागिले 6 ओहम, लोडची धारा अर्धा अँपिअर. एका नोडने आपल्यापुरते इमान राखले आणि आकृतीच्या कानाकोपऱ्यातले आकडे आपोआप जागेवर आले.

आता दुसरी वाट, मेशची. मॅक्सवेलने मांडलेली ही कल्पना मोठी धाडसी आहे. डाव्या खिडकीत एक धारा गोल फिरते आहे, उजव्या खिडकीत दुसरी, असे मानायचे. मधल्या 3 ओहममधून या दोन्ही धारा उलट दिशांनी जातात. तिथे ॲमीटर लावला तर तो त्यांची वजाबाकी तेवढी दाखवतो. कल्पित धारा मांडून खरी उत्तरे मिळवायची, ही युक्ती. समीकरणांचे सहगुणक चौकटीत लिहिले की वरच्या ओळीत 9 आणि उणे 3, खालच्या ओळीत उणे 3 आणि 9. उत्तरे येतात 1.5 आणि 0.5. नोडच्या वाटेपेक्षा इथे लेखन जास्त झाले हे खरे, आणि परीक्षेत वेळ वाचवायचा असेल तर मी नोडचीच वाट धरायला सांगेन. पण त्या चौकटीतल्या दोन ‘उणे 3’ वरून नजर हलवू नका. कर्णाच्या अलीकडे-पलीकडे त्या एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या उभ्या आहेत. डावी खिडकी उजवीवर जेवढा प्रभाव टाकते, तेवढाच उजवी डावीवर टाकते.

या प्रतिबिंबाचा अर्थ प्रत्यक्षात पाहायचा तर बॅटरी उचलून लोडच्या फाट्यात बसवावी आणि तिच्या जुन्या जागी ॲमीटर लावावा. आता 12 व्होल्टना दिसतात 4, 2 आणि पुढे 3 आणि 6 चे समांतर, म्हणजे आणखी 2. एकूण 8 ओहम. बॅटरीतून 1.5 अँपिअर निघतात, 3 आणि 6 ओहममध्ये वाटले जातात, आणि 6 ओहमच्या वाट्याला येतो अर्धा अँपिअर. मघाशी बॅटरी डावीकडे होती तेव्हा उजवीकडे अर्धा; आता बॅटरी उजवीकडे, तर डावीकडे अर्धा. कारण आणि परिणाम यांनी जागा बदलल्या आणि आकडा हलला नाही. इथे डावीकडे 6 आणि उजवीकडे 2 अधिक 4, म्हणजेही 6, असा तोल आहे; पण तो नसता तरी आकडा हलला नसता. अभ्यासक्रमात याला रेसिप्रॉसिटी थिअरम म्हणतात आणि बहुधा एका तासात तो उरकतात. खरे तर त्या दिवशी जर्नलमध्ये वाचन नोंदवून झाल्यावर विद्यार्थ्याला पाच मिनिटे नुसते त्या दोन आकड्यांकडे पाहत बसू द्यावे.

ऊर्जेचा हिशेबही एकदा मांडू. बॅटरी 12 व्होल्टला 1.5 अँपिअर देते, म्हणजे 18 वॅट. 6 ओहममध्ये 13.5 वॅट, 3 ओहममध्ये 3, 2 ओहममध्ये अर्धा आणि लोडमध्ये 1. बेरीज 18, वर ना खाली. ज्या लोडसाठी हा सारा खटाटोप, त्याच्या हाती अठरांतला एक वॅट लागतो. बाकीचे सतरा वाटेतच उष्णता होऊन जातात. हा आकडा लक्षात असू द्या, कारण आता आपण अशा प्रमेयापाशी येतो आहोत, जे या सतरा वॅटना साफ विसरते.

लेओं शार्ल थेव्हेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला इंजिनिअर. 1883 साली त्याने जे प्रमेय प्रसिद्ध केले, तेच हेल्महोल्ट्झने तीस वर्षे आधी, 1853 साली, प्राणिदेहातल्या विजेचा अभ्यास करताना मांडले होते. प्राण्याच्या स्नायूपासून आणि तारायंत्राच्या तारांपासून निघालेल्या दोन वाटा एकाच जागी पोचल्या. प्रमेय म्हणते: लोड बाजूला काढा, उघड्या पडलेल्या दोन टोकांवर उभे राहा आणि आत डोकावू नका. त्या टोकांना सारे सर्किट एका बॅटरीसारखे आणि एका रेझिस्टरसारखे भासेल. आपल्या आकृतीत लोड काढल्यावर टोकांवर 12 चा तिसरा हिस्सा, म्हणजे 4 व्होल्ट मिळतात. बॅटरीच्या जागी कोरी तार ठेवून मागे पाहिले, तर 6 आणि 3 चे समांतर 2, त्यात पुढचे 2, म्हणजे 4 ओहम. एवढा संसार आवरून उरले काय, तर 4 व्होल्ट आणि 4 ओहम! त्याला 4 ओहमचा लोड जोडा. 4 भागिले 8, अर्धा अँपिअर. लोड 2 ओहमचा करा, 12 ओहमचा करा. प्रत्येक वेळी मूळ जाळे पुन्हा सोडवण्याची गरज उरत नाही. आतल्या रोधाएवढाच लोड असला की त्याला जास्तीत जास्त शक्ती मिळते, हेही इथेच कळते. आपला 4 ओहमचा लोड नेमका त्या जागी आहे, म्हणून त्याचा 1 वॅट ही या सर्किटमधून लोडला मिळू शकणारी सर्वाधिक शक्ती आहे.

आता त्या सतरा वॅटकडे वळू. थेव्हेनिनच्या आटोपशीर सर्किटमध्ये आतला 4 ओहम आणि बाहेरचा 4 ओहम, दोन्हींत एकेक वॅट. मग अठरांतले उरलेले 16 कुठे गेले? आणखी पुढचे पाहा. लोड काढून टाकला, तर थेव्हेनिनच्या सर्किटमध्ये काहीच वाहत नाही, काहीच तापत नाही. पण मूळ सर्किटमध्ये 12 व्होल्ट 9 ओहममधून धारा ढकलतच असतात आणि 16 वॅट जळत असतात. प्रमेय खोटे बोलत नाही. बाहेरून जे दिसते तेवढ्याचीच हमी त्याने दिली होती. आत काय जळते आहे हे विसरण्याच्या अटीवरच त्याने आपल्याला तो साधेपणा दिला. परीक्षेच्या पेपरात ‘थेव्हेनिन इक्विव्हॅलंट काढा’ हे वर्षानुवर्षे विचारतात, पण ‘ते कशाबद्दल मौन पाळते’ हे क्वचित विचारतात. माझ्या दृष्टीने प्रमेयाची सारी खुमारी त्या मौनात आहे.

जाता जाता नॉर्टनचे नाव घ्यायला हवे. बॅटरीऐवजी धारेचा स्रोत कल्पून याच विचाराचे दुसरे रूप 1926 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये नॉर्टनने आणि त्याच वर्षी जर्मनीत सीमेन्समधल्या हान्स मायरने मांडले. थेव्हेनिनने जगाचा निरोप घेतला तेही 1926 सालीच. सुपरपोझिशनचीही अशीच गंमत: एका वेळी एकच स्रोत जागा ठेवायचा, बाकीच्यांना विसरायचे आणि शेवटी धारा मिळवायच्या. किंमत मात्र शक्तीच्या हिशेबात मोजावी लागते. 1 ओहममधून एका स्रोताचा 1 अँपिअर आणि दुसऱ्याचा 1 अँपिअर एकाच दिशेने गेले, तर प्रत्येकाचा 1 वॅट धरून 2 होत नाहीत. 2 अँपिअरचे 4 वॅट होतात.

इथवर काळ स्थिर होता. एसी आली की तो हलू लागतो, आणि विद्यार्थ्याच्या वहीतला सर्वांत अद्भुत आकडा समोर येतो. 100 व्होल्टच्या एसी सप्लायला 30 ओहमचा रेझिस्टर आणि 40 ओहमची रिॲक्टन्स असलेली कॉइल सिरीजमध्ये जोडा. रेझिस्टरवरचा व्होल्टमीटर 60 दाखवतो, कॉइलवरचा 80. साठ आणि ऐंशी मिळून शंभर! किरचॉफचा दुसरा नियम मोडला की काय? नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. रेझिस्टरचे व्होल्टेज शिखरावर असते तेव्हा कॉइलचे शून्यावर आलेले असते, कारण ते 5 मिलिसेकंद पुढे धावते आहे. क्षणाक्षणाला पाहिले तर नियम तंतोतंत पाळला जातो. मीटर मात्र क्षण दाखवत नाही, परिणामी मूल्य दाखवतो. 60 आणि 80 काटकोनात उभे केले की कर्ण 100. (खऱ्या चोकच्या वेटोळ्याला स्वतःचा थोडा रोध असतो, म्हणून प्रयोगशाळेत वर्गांची बेरीज जराशी कमी भरते, ती कमतरता म्हणजे चोकने स्वतःविषयी दिलेली माहिती असते, ती पुसून आकडा ‘बरोबर’ करू नये.)

हा काटकोन कागदावर उतरवण्याची विद्या चार्ल्स स्टाइनमेट्झने 1893 साली शिकागोच्या विद्युत परिषदेत इंजिनिअरांपुढे ठेवली. सर्व व्होल्टेजे आणि धारा एकाच गतीने गरगरत असतील, तर ती गरगर विसरू या, असा हा विचार. जत्रेतल्या चक्राच्या लाकडी घोड्यावर बसलेल्या पोराला शेजारचा घोडा जागच्या जागी दिसतो. तसे आपणही फिरत्या राशींवर स्वार झालो की त्या स्थिर बाण होतात, त्यांतली अंतरे तेवढी उरतात. पाव फेरी पुढे सरकायचे तर काल्पनिक संख्येने गुणायचे. डिफरन्शिअल इक्वेशनची जागा साधा गुणाकार-भागाकार घेतो, आणि मघाचे मेश, नोड, थेव्हेनिन जसेच्या तसे, एक अक्षर न बदलता, या नव्या प्रदेशात चालू लागतात.

फेजर विसरतात ते बटण दाबण्याचा क्षण. त्यांच्या लेखी साइन लाट अनादि काळापासून चालू आहे. सुरुवात पाहायची तर ट्रान्झियंटकडे यावे लागते. 12 व्होल्टला 10 किलोओहममधून 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा आणि मल्टिमीटरकडे घड्याळ लावून पाहा. पहिल्या सेकंदाला सुमारे 7.6 व्होल्ट, उरलेली तफावत 4.4. पुढच्या सेकंदाला तफावत 1.6, त्यापुढच्याला 0.6. जेवढी उणीव उरली, तेवढाच वेग. हा सारा एक्स्पोनेन्शिअल त्या एका शब्दात, उणिवेत, सामावलेला आहे.

शेवटी एका शिडीपाशी नेतो. ही मला या विषयात सर्वांत लाडकी. 1 ओहम आडवा, 1 ओहम उभा, अशी एक पायरी. तिला पुढे तशीच दुसरी जोडलेली, तिसरी, अशी अनंत. सुरुवातीच्या टोकांवरून रोध किती दिसेल? पायऱ्या मोजायला बसलो तर जन्म पुरणार नाही. पण अनंतातली एक पायरी कमी झाली तरी उरते ते अनंतच; म्हणून पहिली पायरी काढून पुढे पाहिले तरी रोध तोच दिसला पाहिजे. तो ‘र’ मानला, तर र चा वर्ग बरोबर र अधिक 1, आणि र बरोबर 1.618. सुवर्णगुणोत्तर! एकाच पायरीची शिडी घेतली तर रोध 2/1, दोन पायऱ्यांचा 5/3, तीनांचा 13/8, चारांचा 34/21. हे आकडे आपल्या छंदःशास्त्राला फार जुन्या ओळखीचे आहेत. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून तीन मात्रांचा चरण 3 प्रकारे रचता येतो, चार मात्रांचा 5 प्रकारे, पाचांचा 8, सहांचा 13. ही मालिका बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या विचारात दिली आहे. चार मात्रांच्या रचना भागिले तीन मात्रांच्या रचना, हा दोन पायऱ्यांच्या शिडीचा रोध. मात्रावृत्ताचा अभ्यासक आणि सेकंड इयरचा विद्यार्थी एकच कोष्टक भरत असतात.

आणि ही शिडी खेळण्यापुरती नाही. आकृती काढताना आपण तारेची लांबी विसरलो होतो, त्या विसरण्याची किंमत ती मोजून देते. 50 हर्ट्झला विजेच्या लहरीची लांबी 6,000 किलोमीटर, म्हणून टेबलावरची हातभर तार खुशाल विसरावी. पण वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झला ती साडेबारा सेंटिमीटरांवर येते, आणि मग बोटभर तारेच्या एका टोकाला जे घडते ते दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी घडत नाही. तिथे तिसऱ्या वर्षाची ट्रान्समिशन लाइन सुरू होते, आणि तिचे पहिले पाऊल म्हणजे तारेचे सूक्ष्म तुकडे कल्पून इंडक्टर आडवे आणि कपॅसिटर उभे अशी तीच अनंत शिडी रचणे. तोच युक्तिवाद, एक पायरी काढली तरी काही बदलत नाही, आणि उत्तर येते इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स यांचे वर्गमूळ: निखळ रोध. इंडक्टर ऊर्जा जाळत नाही, कपॅसिटर जाळत नाही. तरी अनंत शिडी रेझिस्टरसारखी वागते, कारण तिच्यात शिरलेली ऊर्जा पुढे पुढेच जात राहते आणि परत येत नाही. घरावरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत आलेल्या कोॲक्सिअल केबलचे 75 ओहम हे असे आहेत. सुट्या केबलच्या दोन वाहकांना मल्टिमीटर लावला तर ते कुठेच सापडत नाहीत. आतल्या-बाहेरच्या वाहकांच्या व्यासांवर आणि मधल्या प्लॅस्टिकवर ते ठरतात, आणि केबल एक मीटर घ्या की शंभर मीटर, 75 चे 75 राहतात.